कॉलेज बेसबॉलचं पहिलं वर्ष: खेळायला किती मिळेल आणि कॉलेज बदलायचं कधी

हायस्कूलमध्ये चार वर्षं शॉर्टस्टॉपला खेळलेला, संघाचा कप्तान राहिलेला, गावच्या पेपरात फोटो आलेला मुलगा कॉलेजच्या मैदानावर पहिल्या दिवशी उतरतो, तेव्हा त्याच्या शेजारी उभे असलेले बहुतेक जण अगदी तसेच असतात. सगळे कप्तान, सगळे शॉर्टस्टॉप. त्यातले निम्मे त्याच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे, दाढी-मिशा असलेले, वजनं उचलून तयार झालेले.

न्यू जर्सी, टेक्सस, बे एरिया अशा ठिकाणी लिटल लीगपासून सुरुवात करून ट्रॅव्हल बॉलपर्यंत पोहोचलेली मराठी मुलं आता दिसू लागली आहेत. आई-बाबा क्रिकेटवर वाढलेले. बेसबॉलचे नियम ते मुलाबरोबर शिकले, पण कॉलेजच्या व्यवहाराची माहिती कुणाकडून मिळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मुलगी सॉफ्टबॉल खेळत असेल तर नियम थोडे वेगळे, पण वागणूक हीच.

पायरी १: आधी डोकी मोजा

एनसीएए (कॉलेजच्या खेळांची मुख्य संघटना) डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर, तीनशेच्या आसपास बेसबॉल संघ आहेत. २०२५ च्या जूनमध्ये खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली आणि ती स्वीकारलेल्या कॉलेजांना बेसबॉलच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीवर, ३४ खेळाडूंची मर्यादा आली. ३४ पैकी साधारण निम्मे पिचर. उरले सतराएक. पिचर सोडून मैदानावरच्या आठ जागा आणि डेझिग्नेटेड हिटरची (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणाऱ्याची) एक, अशा नऊ जागांसाठी हे सतरा जण. त्यात दोन-तीन कॅचर, जे दुसरीकडे क्वचितच खेळतात.

आता क्रिकेटच्या सवयीतून एक गैरसमज होतो. बेसबॉलमध्ये सामन्यातून एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे कोच आपले चांगले नऊ जण उगाच हलवत नाही. फ्रेशमनला (पहिल्या वर्षाच्या खेळाडूला) संधी मिळते ती आठव्या-नवव्या इनिंगमध्ये, दुसऱ्याच्या जागी धावायला, किंवा सामना दहा धावांनी खिशात असताना.

गर्दी वाढली त्याला कारणंही आहेत. २०२० चा हंगाम कोविडने बुडाला आणि सगळ्यांना एक जादा वर्ष मिळालं. एमएलबीचा ड्राफ्ट, म्हणजे मेजर लीगच्या प्रोफेशनल संघांनी नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, आधी ४० फेऱ्यांचा होता, २०२० मध्ये तो ५ फेऱ्यांचा झाला आणि २०२१ पासून २० चा. म्हणजे जी मुलं आधी प्रोफेशनल व्हायला निघून जायची, ती कॉलेजातच राहिली. भरीला २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये, अभ्यासात पात्र असाल तर, कितीही वेळा बदलायची. कोचला समोर दोन पर्याय दिसतात: अठरा वर्षांचा, हायस्कूलमधून आलेला मुलगा, किंवा दुसऱ्या कॉलेजात दीडशे वेळा बॅटिंग करून आलेला एकवीस वर्षांचा गडी. ज्याची नोकरी जिंकण्यावर अवलंबून आहे, तो कुणाला घेईल हे सांगायला ज्योतिषी नको.

पायरी २: ‘हो’ म्हणण्याआधी रोस्टरचं पान वाचा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. बहुतेक घरांत ती सुटते, कारण त्या वेळी सगळे कॉलेजच्या टोपीचे फोटो काढण्यात गुंग असतात.

प्रत्येक संघाच्या साइटवर रोस्टर असतं. मागच्या तीन वर्षांची रोस्टरं उघडा आणि शेजारी शेजारी ठेवा. पहिलं बघायचं ते ‘आधीची शाळा’ हा रकाना. तिथे हायस्कूलचं नाव आहे, कम्युनिटी कॉलेजचं आहे, की दुसऱ्या मोठ्या युनिव्हर्सिटीचं? ३४ पैकी अठरा-वीस जण बाहेरून आलेले असतील, तर तो कोच फ्रेशमन घडवत नाही, तयार माल आणतो. त्यात गैर काही नाही, पण तुम्हाला ते आधी कळायला हवं.

दुसरं, तीन वर्षांपूर्वी फ्रेशमन म्हणून आलेली नावं कागदावर लिहा. त्यातली किती आज त्याच संघात आहेत? दहापैकी तीन उरली असतील, तर बाकीच्या सातांचं काय झालं याची चौकशी करा.

मग आकडेवारीचं पान. तिथे ‘जीपी-जीएस’ असा रकाना असतो: किती सामन्यांत उतरला आणि किती सामन्यांत सुरुवातीपासून होता. नियमित हंगामात जास्तीत जास्त ५६ सामने असतात. एखाद्या फ्रेशमनसमोर ‘३१-४’ दिसलं तर समजा, एकतीस सामन्यांत त्याने पाऊल टाकलं, पण चारच वेळा पहिल्या नऊत होता. बाकी धावायला, नाहीतर शेवटच्या इनिंगला फिल्डिंगला. त्याच ओळीत पुढे एट-बॅट्स (बॅटिंगच्या खेपा) बघा. ते वीसेक असतील, तर वर्षभराच्या घामाचं माप ते वीस. पिचरच्या बाबतीत इनिंगचा रकाना बघायचा, आणि त्या इनिंग मंगळवार-बुधवारच्या आहेत की शुक्रवार ते रविवारच्या, हे बॉक्स स्कोअरमधून ताडून पाहायचं. कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांशी होणारे, मानाचे सामने शनिवार-रविवारला धरून होतात. नव्या पिचरला बहुधा मधल्या वारांना बघतात.

आणि तुमच्या मुलाच्या जागेवर सध्या कोण आहे? तो सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचा) असेल आणि चांगला खेळत असेल, तर अजून निदान एक वर्ष ती जागा त्याची. चार वर्षांच्या कॉलेजातला खेळाडू ड्राफ्टला पात्र होतो तो तीन वर्षं झाल्यावर किंवा वयाची एकवीस गाठल्यावर. त्याआधी तो हलत नाही, हललाच तर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नावं जिथे नोंदवतात ती एनसीएएची यादी).

पायरी ३: कोचला स्पष्ट विचारा, आणि मुलालाच विचारू द्या

हायस्कूलच्या ज्युनियर इयरच्या (तिसऱ्या वर्षाच्या) आधीच्या १ ऑगस्टपासून डिव्हिजन वनचे कोच मुलांशी थेट बोलू शकतात. हे बोलणं आपल्या घरात बाबा ताब्यात घेतात. घेऊ नका. कोच मुलाला जोखत असतो, तुमच्या इंग्रजीला नाही.

मुलाने विचारायचं: माझ्या जागेसाठी तुम्ही अजून किती जण घेताय? माझ्या वर्गात एकूण किती मुलं येताहेत? पहिल्या वर्षी मी तुम्हाला कुठे दिसतो? स्कॉलरशिप किती, आणि किती वर्षांची? ‘तू इथे स्पर्धा करशील’ हे सगळ्यांना दिलं जाणारं उत्तर आहे. त्याचा अर्थ शून्य. ‘पहिल्या वर्षी तू खेळशील असं मी सांगू शकत नाही, पण मधल्या वारी तुला दोन-तीन इनिंग मिळतील’ असं कुणी बोललं, तर तो माणूस खरं बोलतोय.

स्कॉलरशिपबद्दल थोडं. पूर्वी डिव्हिजन वनच्या संघाला ११.७ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या २७ जणांत वाटायच्या, त्यामुळे पूर्ण फी माफ झालेला बेसबॉलपटू दुर्मीळच. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांना आता ३४ जणांना द्यायची मुभा आहे, पण मुभा म्हणजे पैसे नव्हेत. बहुतेक कॉलेजं सगळ्यांना पूर्ण देत नाहीत. डिव्हिजन थ्रीमध्ये आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. पूर्वी सही करायचं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ २०२४ मध्ये बंद झालं. आता जो आर्थिक करार हातात येतो त्यातली प्रत्येक ओळ वाचा. तोंडी आश्वासन कागदावर नसेल तर ते नाही असं धरून चाला.

पायरी ४: फॉलमध्येच बरंच ठरून जातं

आपल्याला वाटतं हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. सामने तेव्हा सुरू होतात. निवड ऑगस्ट ते नोव्हेंबरात, फॉलच्या सत्रात, होते.

सुरुवातीचे काही आठवडे छोट्या गटांत सराव, मग पूर्ण संघाचा. संघ दोन भागांत विभागून आपापसांत सामने खेळतात आणि कोच हातात वही, टॅब्लेट घेऊन प्रत्येक चेंडू नोंदवतो. प्रेक्षकांत चार-दोन पालक आणि एखादा कुत्रा. तरीही फ्रेशमनच्या दृष्टीने मार्चमधल्या सामन्यांपेक्षा हे महत्त्वाचे, कारण इथे सगळ्यांना समान एट-बॅट्स मिळतात. पुढे मिळणार नाहीत.

या काळात मुलगा कुठे आहे हे ओळखायच्या खुणा आहेत. बॅटिंगच्या सरावात तो पहिल्या गटात असतो की शेवटच्या? त्याला एकाच जागेवर ठेवलंय की दोन-तीन ठिकाणी फिरवताहेत? फिरवत असतील तर बहुतेक घरांत नाराजी होते, पण ती चांगली खूण आहे: कोच त्याला बॅटिंगसाठी कुठेतरी बसवायला बघतोय. शॉर्टस्टॉप म्हणून आलेली किती मुलं सेकंड बेस, लेफ्ट फील्डला जाऊन चार वर्षं खेळली, याला गणती नाही. उलट पिचरला दोन-दोन आठवडे कुणी सामन्यात चेंडू दिला नाही, तर काहीतरी बिनसलंय.

फॉलच्या शेवटी प्रत्येकाची कोचबरोबर दहा-पंधरा मिनिटांची बैठक होते. त्यात मुलाने एकच वाक्य नक्की विचारावं: ‘आज सामना असता तर मी कुठे असतो?’ उत्तर ऐकून वाद घालायचा नाही. खोलीवर येऊन ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं. जूनमध्ये त्याची गरज पडते.

३४ ची मर्यादा असलेल्या कॉलेजांत एक कटू गोष्ट याच सुमाराला होते. सप्टेंबरमध्ये चाळीस मुलं मैदानावर असतात आणि १ डिसेंबरच्या आत आकडा खाली आणावा लागतो. काहींना तेव्हाच सांगितलं जातं. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीसाठी मुलगा घरी येतो, तेव्हा पुरणपोळीच्या ताटावर ‘मग, खेळतोयस ना?’ हा प्रश्न लगेच टाकू नका.

पायरी ५: वसंतात, बाकावर

उत्तरेकडच्या संघांच्या मैदानावर फेब्रुवारीत बर्फ असतो, त्यामुळे पहिले काही आठवडे ते दक्षिणेत जाऊन खेळतात. प्रवासाला सगळा संघ जात नाही. आपलं नाव यादीत नाही हे मुलाला गुरुवारी कळतं, आणि शुक्रवारी तो खोलीत बसून मोबाइलवर आपल्याच संघाचा सामना बघतो. पहिल्या वर्षातली सर्वात कठीण वेळ हीच, आणि ती जवळजवळ सगळ्यांना येते.

इथे रेडशर्टचा, म्हणजे संघात राहून वर्षभर एकही सामना न खेळता तो हंगाम वाचवण्याचा, विचार करायचा. नियम असा की खेळाडूकडे पाच वर्षं असतात आणि त्यात चार हंगाम खेळता येतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार सामने खेळूनही वर्ष वाचतं. बेसबॉलमध्ये ती सवलत नाही. एका सामन्यात एक चेंडू टाकला, नुसतं धावायला उतरला, तरी हंगाम खर्च झाला. दुखापत झाली तर वेगळी तरतूद आहे, पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात आणि ३० टक्क्यांपेक्षा जास्त सामने झालेले नसतील तरच. एप्रिलच्या मध्यात, एकही सामना न खेळलेल्या मुलाला कोच म्हणतो, ‘उद्या शेवटची इनिंग टाकशील?’ मुलगा हरखून जातो. त्या एका इनिंगसाठी वर्ष जाणार, हे त्याला तेव्हा आठवायला हवं. पात्रतेच्या वर्षांचे नियम बदलण्याच्या चर्चा सतत चालू असतात, म्हणून निर्णयाआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसमध्ये (खेळाच्या नियमांचं काम पाहणाऱ्या ऑफिसमध्ये) त्या आठवड्यातला नियम विचारून घ्या.

रेडशर्ट म्हणजे नापास, असं आपल्याकडे वाटतं. जॉर्जिया युनिव्हर्सिटीचा चार्ली कॉन्डन २०२२ च्या हंगामासाठी स्कॉलरशिपशिवाय संघात आला आणि पूर्ण वर्ष एकही सामना खेळला नाही. २०२३ मध्ये तो एसईसी कॉन्फरन्सचा सर्वोत्तम फ्रेशमन ठरला. २०२४ मध्ये त्याने ३७ होम रन मारले, देशातल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार घेतला आणि कोलोराडो रॉकीजने ड्राफ्टमध्ये त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. प्रत्येक रेडशर्ट कॉन्डन होत नाही हे उघड आहे. पण त्या वर्षात तो कॉलेज सोडून गेला असता, तर त्याला कुणी अडवलं नसतं.

पालकांसाठी एकच सूचना: खेळण्याच्या वेळेबद्दल कोचला ईमेल करू नका. कधीच नाही. तब्येत, सुरक्षितता, पैसे यावर बोला, जरूर बोला. ‘माझा मुलगा का खेळत नाही’ हे पत्र गेलं की ते कोचेसच्या खोलीत सगळ्यांना कळतं.

उन्हाळ्यासाठी जागा मार्चपूर्वीच बघून ठेवायची. नॉर्थवुड्ससारख्या उन्हाळी लीगमध्ये लाकडी बॅटने जवळजवळ रोज सामने असतात, आणि वीस एट-बॅट्सवर वर्ष काढलेल्या मुलाला तिथे दीडशे मिळू शकतात. सर्वांत मानाच्या केप कॉड उन्हाळी लीगची स्वप्नं पहिल्या वर्षी बघू नयेत. तिथे फक्त दहा संघ आहेत.

पायरी ६: जायचं की राहायचं

हंगाम संपला की पुन्हा कोचबरोबर बैठक. फॉलमधला कागद काढा. तेव्हा काय सांगितलं होतं, काय झालं? ‘तुझं वजन वाढव, मग बघू’ असं म्हटलं होतं आणि वजन वाढूनही कोचची नजर मुलाकडे वळली नाही, तर ते उत्तर आहे. ‘पुढच्या वर्षी तू माझ्या योजनेत नाहीस’ असं कोच सरळ सांगतो, तेव्हा त्याचे आभार माना. गोलगोल बोलणारे जास्त नुकसान करतात.

आता माझं स्पष्ट मत. पोर्टलचा फायदा खेळत असलेल्यांना होतो, बाकावरच्यांना क्वचित. पॉल स्कीन्सचं उदाहरण सगळे देतात: एअर फोर्स अकॅडमीतून २०२२ मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला) गेला, २०२३ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद, आणि ड्राफ्टमध्ये पहिला. पण स्कीन्स एअर फोर्समध्ये बाकावर नव्हता, तो तिथला सर्वांत मोठा खेळाडू होता. टॉमी व्हाइट त्याच उन्हाळ्यात एनसी स्टेटहून एलएसयूला गेला, तो फ्रेशमन म्हणून २७ होम रन मारून. वीस एट-बॅट्सचा मुलगा पोर्टलमध्ये नाव टाकतो, तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काय असतं? हायस्कूलचे जुने व्हिडिओ. मग तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं अशी गत होते: इथली जागा गेली, तिथून फोन नाही.

एकाच प्रश्नाने निर्णय सोपा होतो: उद्या पाय मोडून बेसबॉल संपला, तर या कॉलेजात शिकायला राहशील का? उत्तर ‘हो’ असेल तर घाई करू नका. ‘नाही’ असेल तर निघायची तयारी करा, पण नीट.

पायरी ७: पोर्टल चालतं कसं

कंप्लायन्स ऑफिसला लेखी कळवायचं. कॉलेजने दोन कामकाजाच्या दिवसांत नाव पोर्टलमध्ये टाकायचं असतं. नाव गेल्यावरच दुसरे कोच संपर्क करू शकतात. त्याआधी कुणी ‘ये, जागा आहे’ म्हणत असेल तर तो नियम मोडतोय. बेसबॉलची खिडकी, म्हणजे नाव टाकायची मुदत, अलीकडे जूनच्या सुरुवातीपासून साधारण महिनाभर असते. नेमक्या तारखा दर वर्षी बघाव्या लागतात. नाव टाकलं की पुढच्या वर्षीची स्कॉलरशिप राखून ठेवायला सध्याचं कॉलेज बांधील राहत नाही. नाव परत घेता येतं, पण त्यांनी परत घ्यायलाच हवं असं नाही.

ड्राफ्ट जुलैत असतो. कोण प्रोफेशनल होतो, कोण परत येतो, हे त्यानंतर कळतं, म्हणून बऱ्याच जागा जुलैअखेर मोकळ्या होतात. जूनमध्ये फोन आला नाही म्हणून गळाठून जायचं कारण नाही.

डिसेंबरात एका डिव्हिजन वनमधून दुसऱ्या डिव्हिजन वनमध्ये गेलात, तर त्याच वसंतात खेळता येत नाही. डिसेंबरात निघणारी मुलं म्हणूनच बहुधा ज्युनियर कॉलेजकडे वळतात (‘ज्युको’, म्हणजे दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज; आपल्याकडची अकरावी-बारावी नव्हे).

पायरी ८: ज्युकोला नाक मुरडू नका

‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटलं की आपल्या घरात चेहरे पडतात. मावशीला काय सांगायचं, इथपासून सुरुवात. बेसबॉलमध्ये मात्र ज्युको हा मानाचा रस्ता आहे. ब्राइस हार्पर कॉलेज ऑफ सदर्न नेव्हाडामधून २०१० मध्ये ड्राफ्टचा पहिला खेळाडू झाला. अल्बर्ट पुहोल्स मिसुरीतल्या मेपल वुड्स कम्युनिटी कॉलेजचा. ज्युकोच्या डिव्हिजन वनमध्ये संघाला २४ स्कॉलरशिप देता येतात, ड्राफ्टला तीन वर्षं थांबावं लागत नाही, आणि रोज खेळायला मिळतं. कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजं वेगळ्या संघटनेत आहेत आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, पण फीच फार कमी. डिव्हिजन टू आणि एनएआयए (एनसीएएबाहेरची, छोट्या कॉलेजांची संघटना) हेही नीट पाहा. इंजिनिअरिंग गंभीरपणे करायचं असेल तर चांगलं डिव्हिजन थ्री कॉलेज बरेचदा जास्त शहाणपणाचं, कारण दुपारच्या लॅबची आणि सरावाची वेळ एकच असते आणि तिथले कोच लॅबला ‘जा’ म्हणतात.

पायरी ९: क्रेडिट मोजा, मग सामान बांधा

एनसीएएचा नियम: तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के अभ्यास झालेला हवा, चौथ्याच्या सुरुवातीला ६०, पाचव्याच्या ८०. समजा मुलगा दोन वर्षांत ६० क्रेडिट घेऊन निघाला. नव्या कॉलेजची पदवी १२० क्रेडिटची, म्हणजे त्याला ४८ हवीत. पण नव्या कॉलेजने त्याची सगळी ६० घेतली तरी त्याच्या मेजरमध्ये (मुख्य विषयाच्या पदवीत) ४५च बसतात, बाकीची अवांतर. तीन क्रेडिटसाठी तो खेळायला अपात्र. उन्हाळ्यात एक कोर्स केला तर प्रश्न सुटतो, पण तो कोर्स हवा हे मेमध्ये कळलं तर. ऑगस्टमध्ये कळून उपयोग नाही. बेसबॉलमध्ये फॉलच्या सुरुवातीला अपात्र असलेला खेळाडू वसंतातही खेळू शकत नाही.

तेव्हा नव्या कोचचा फोन आला की पहिला प्रश्न स्कॉलरशिपचा नको. त्याला म्हणावं, ‘तुमच्या अकॅडमिक अ‍ॅडव्हायजरकडून माझ्या ट्रान्सक्रिप्टचा (गुणपत्रकाचा) हिशेब लेखी मिळेल का, कोणते क्रेडिट माझ्या मेजरला धरले जातील?’ जे कॉलेज चार दिवसांत तो कागद पाठवतं, त्याला मुलगा खरंच हवा आहे.

मुलगा एफ-१ व्हिसावर असेल, तर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली) नोंद नव्या कॉलेजकडे वळवण्याचं काम इंटरनॅशनल ऑफिसमार्फत वेळेत करायचं, आणि जाहिरात-प्रायोजनाचे एनआयएल पैसे इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. एच-४ वरच्या मुलांचा (आई-बाबांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्यांचा) एकविसाव्या वाढदिवसाला व्हिसा संपण्याचा प्रश्न कॉलेज बदलण्याच्या वर्षातच येऊन आदळतो. व्हिसा बदलण्याचा अर्ज पोर्टलच्या आधी करायचा.